धुलाई झकास, पण पाणी मोजायचं गणित गंडलेलं: माझं फ्रंट लोड मशीन आणि त्याची सर्व्हिस

आधीच सांगून टाकते, कपडे धुण्यात या मशीनला तोड नाही. कॉलर, बाह्या, मुलांचे मातीत लोळलेले कपडे, सगळं निघतं, पाणी कमी लागतं, स्पिन झाल्यावर कपडे जवळजवळ सुकल्यासारखेच बाहेर येतात आणि आवाजही काही फार नाही. धुलाईला पाचपैकी साडेचार. पण हा रिव्ह्यू धुलाईचा नाहीये. पाण्याच्या लेव्हलचा जो लोचा झाला आणि तो निस्तरायला आलेल्या लोकांनी जो घोळ घातला त्याचा आहे, आणि त्या खात्यात मी पाचपैकी दीडच्या वर जायला तयार नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पाणी मोजायची ही पद्धत बहुतेक सगळ्याच कंपन्या वापरतात, आज माझं मशीन रुसलं, उद्या तुमचं रुसेल.

लक्षणं आधी सांगते म्हणजे ज्यांच्याकडे असंच चालू आहे त्यांना ओळख पटेल. फ्रंट लोडमध्ये पाणी खूप कमी असतं, दाराच्या काचेच्या खालच्या कडेला जेमतेम दिसतं न दिसतं एवढंच. माझ्याकडे आधी काय व्हायला लागलं तर वॉश चालू असताना मधूनच पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्वचा घूं आवाज यायचा, थोडं पाणी घ्यायचं, बंद, परत थोड्या वेळाने घूं, परत थोडं पाणी, आणि डिस्प्लेवरची वेळ पुढे सरकायचीच नाही. मग एकदा रिन्सला पाणी काचेच्या निम्म्यापर्यंत चढलं, पावडरच्या ट्रेमधून फेस बाहेर यायला लागला आणि मशीनने धुणं सोडून नुसता पंप चालू ठेवला. आणि याच्या अगदी उलटं पण झालं, म्हणजे पाणी सगळं निघून गेलेलं, ड्रम कोरडा ठणठणीत, तरी मशीन स्पिनला जाईना, कारण त्याच्या मते आत अजून पाणी होतं.

ही जी उलटसुलट लक्षणं आहेत ना, एकदा पाणी दिसत नाही म्हणून भरत सुटायचं आणि एकदा नसलेलं पाणी दिसतंय म्हणून अडून बसायचं, हाच खरा क्लू होता. सर्व्हिसवाल्यांना तो दिसला नाही किंवा बघायचा नव्हता, काय ते त्यांनाच ठाऊक.

का ते कळायला मशीन पाणी कसं मोजतं ते बघावं लागेल. बऱ्याच जणांना वाटतं की आत टाकीत असतो तसा फ्लोट असेल किंवा पाण्यात बुडलेला सेन्सर असेल. तसं नसतं. सेन्सर वर असतो, झाकणाखाली, पाण्यापासून लांब, आणि त्याला पाण्याचा थेंबही लागत नाही, लागूही नये. टबच्या तळाशी एक छोटी पोकळी असते, तिला एअर चेंबर म्हणतात, तिथून बोटापेक्षा बारीक रबरी नळी वर सेन्सरपर्यंत जाते. उलटा ग्लास बादलीत दाबला की आतली हवा कोंडते आणि हाताला जोर जाणवतो, तेच इथे होतं. टबमध्ये पाणी चढलं की चेंबरमधली हवा नळीत दाबली जाते, तो दाब वर सेन्सरमधल्या पडद्याला ढकलतो आणि त्यावरून मशीन ठरवतं पाणी किती आलं. म्हणजे ते मोजतं हवा आणि आपल्याला सांगतं पाणी.

जुन्या मशीनमध्ये तो पडदा सरळ एक स्विच दाबायचा, टिक आवाज यायचा, पाणी बंद. आताच्यांमध्ये पडद्यामुळे एका कॉइलमधला गाभा सरकतो आणि त्याने फ्रिक्वेन्सी बदलते, बऱ्याच मशीनमध्ये रिकाम्या टबला ती २५-२६ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि पाणी चढेल तशी कमी होत जाते. बोर्ड, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, तो आकडा वाचतो. यातला दाब किती किरकोळ आहे बघा, १० सेंटीमीटर पाणी म्हणजे जेमतेम १ किलोपास्कल, आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या साधारण शंभरावा भाग. एवढ्याशा दाबावर सगळा कारभार. नळीला टाचणीएवढं भोक पडलं, क्लिप ढिली झाली, चेंबरच्या तोंडाशी गाळ बसला किंवा नळीत पाण्याचे दोन थेंब अडकले तरी आकडा चुकतो, आणि आकडा चुकला की वरचं सगळं शहाणपण वाया.

आता लक्षणं परत बघा. नळी कुठे हळूहळू लीक असेल तर भरताना दाब बरोबर येतो, मग हवा निसटते, मशीनला वाटतं पाणी कमी झालं, परत भरतं. चेंबरचं तोंड गाळाने बंद असेल तर पाणी चढतं पण दाब वर पोचतच नाही, म्हणून जास्त भरतं. आणि दाब एकदा आत जाऊन तोंड बंद झालं तर पाणी निघून गेलं तरी हवा कोंडलेलीच, म्हणून स्पिन नाही. एकच मशीन दोन्हीकडून बोंबलत असेल तर पहिला संशय गाळावर घ्यायचा, साधी गोष्ट आहे.

तर कंपनीचा माणूस आला, स्वभावाने बरा होता, बूट बाहेर काढून आला, बटणं दाबली, डिस्प्लेवर बिघाडाचा कोड बघितला आणि म्हणाला, "ताई, बोर्ड गेलाय." मी म्हटलं दादा, वरचं झाकण उघडून नळी तरी बघा. तर म्हणे, "कोडच सांगतोय ना, आम्हाला उघडायची गरज नसते."

इथेच माझं डोकं फिरलं. कोड काय सांगतो? एलजीच्या मशीनवर पीई येतो तो पाण्याच्या लेव्हलच्या सेन्सरचा, आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे पाणी जात नाही, एफई म्हणजे जास्त भरलंय. सॅमसंगला १सी, जुन्या मॉडेलला १ई, हा लेव्हलचा, ४सी पाणी न येण्याचा, ५सी न जाण्याचा. माझं मशीन या दोन्ही कंपन्यांचं नाही पण प्रकार तोच. यातला एकही कोड "अमुक पार्ट बदला" असं सांगत नाही. कोडचा अर्थ एवढाच की बोर्डाला मिळणारं रीडिंग पटण्यासारखं नाही. ते सेन्सरमुळे, नळीमुळे, चेंबरमुळे, वायरमुळे का बोर्डामुळे हे शोधणं हेच तर टेक्निशियनचं काम, त्यासाठीच आपण त्याला बोलावतो, कोड तर मलाही वाचता येतो.

बोर्डाला मी नाही म्हटलं. मग दुसरा माणूस पाठवला, त्याने सेन्सर बदलला आणि मशीन चालू झालं, एकदम छान, मी खूश, जॉब शीटवर "सेन्सर फॉल्टी" लिहून सही पण घेतली. जुना सेन्सर मात्र मी मागून ठेवून घेतला (बदललेला पार्ट वॉरंटीत गेला नसेल तर तो तुमचाच असतो, न लाजता मागा). थोडे वॉश झाले आणि परत तोच प्रकार, घूं, बंद, घूं, बंद.

असं का होतं ते नीट समजून घ्या कारण यातच बहुतेक लोक फसतात. सेन्सर बदलताना नळी त्याच्यापासून काढावीच लागते. ती काढली की आत कोंडलेला दाब सुटतो, नळी हलल्यामुळे गाळही जरा सरकतो, आणि परत लावली की रीडिंग शून्यापासून नीट सुरू होतं. म्हणजे पार्ट बदलल्यामुळे नाही तर नळी काढून घातल्यामुळे मशीन चाललं. टेक्निशियनला वाटतं निदान बरोबर होतं, आपल्याला वाटतं पैसे वसूल, आणि गाळ बसलाय तिथेच मजेत. सेन्सर किंवा बोर्ड बदलल्यावर काही दिवसांतच तीच तक्रार परत आली तर दुसरा पार्ट घ्यायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

शेवटी ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं, कुठल्या कंपनीचा नाही, हातात पेचकस, पक्कड आणि एक बाटली धुवायचा ब्रश. त्याने काय केलं ते सविस्तर लिहिते कारण शिकण्यासारखं तेवढंच आहे. आधी प्लग काढला, नळ बंद केला, टब पूर्ण रिकामा आहे ना बघितलं. मागचे स्क्रू काढून वरचं झाकण सरकवलं, सेन्सरवरून नळी अलगद सोडवली आणि मला म्हणाला, ताई, ड्रमपाशी कान लावा. नळीत हळूच फुंकर मारली. काहीच नाही. हवा आत जाईचना, गाल फुगले त्याचे. चांगल्या मशीनमध्ये ती फुंकर सहज खाली जाते आणि टबमध्ये थोडं पाणी असेल तर बुडबुड ऐकू येते. म्हणजे सेन्सर, बोर्ड, वायर यातलं काही हातात घ्यायच्या आधीच, एका फुंकरीत कळलं की अडलंय खाली.

मग मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, मागचा पत्रा काढला आणि चेंबर सोडवला. आत जे निघालं ते बघून मला शिसारी आली. राखाडी-काळा, जेलीसारखा लिबलिबीत गोळा, त्यात कपड्यांचा बुरा, केस आणि न विरघळलेल्या पावडरचे पांढरे कण, आणि वास तर विचारूच नका. चेंबरचं तोंड बोट जाईल एवढं पण उरलं नव्हतं. त्याने गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासलं. नळी एका टोकाला बोटाने बंद करून पाण्यात धरली आणि दुसरीकडून फुंकलं, कुठे बुडबुडा येतोय का बघायला. नाही आला, म्हणजे भोक नव्हतं, पण एका जागी ती टबच्या वजनाच्या दगडाला घासून चकचकीत झाली होती, तिथून तिला वळवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधलं, म्हणजे स्पिनला टब हलला तरी लागणार नाही. लावायच्या आधी नळी झटकून आतून कोरडी केली, कारण पाण्याचा थेंब राहिला तरी रीडिंग गडबडतं.

आणि मग त्याने जे केलं त्याला मी सलाम ठोकते. नवा सेन्सर काढला आणि माझ्याकडे ठेवलेला जुना, "फॉल्टी" म्हणून काढलेला सेन्सर परत लावून पूर्ण वॉश घेतला. पाणी काचेच्या खालच्या कडेला येऊन थांबलं. रिन्स नीट, स्पिन नीट, एकही कोड नाही.

घरी स्वतः करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कळकळीने सांगते. फुंकर म्हणजे फुंकर, फुगा फुगवल्यासारखी नाही. सेन्सरचा पडदा एवढ्याशा दाबासाठी बनवलेला असतो, नळी सेन्सरला जोडलेली असताना जोरात फुंकलंत किंवा कोणी हुशारी करून कंप्रेसरची हवा मारली तर चांगला सेन्सर खरंच कामातून जाईल. नळी सेन्सरवरून काढा आणि मगच खालच्या बाजूला फुंका. दुसरं म्हणजे प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि मशीन पाणी चुकीचं मोजतंय हे कळत असताना "चालतंय तोवर चालवू" करू नका. फ्रंट लोडमध्ये हीटर असतो, बऱ्याचदा २००० वॉटच्या आसपासचा, आणि तो कधी चालू करायचा हे बोर्ड लेव्हल बघून ठरवतो. पाणी नसताना पाणी आहे असं चुकीचं रीडिंग गेलं तर हीटर कोरडाच तापू शकतो. संरक्षण असतं आत, पण त्याची परीक्षा आपण कशाला घ्यायची.

आता, सगळ्याच लेव्हलच्या तक्रारी नळीच्या नसतात हेही खरं, नाहीतर हे वाचून लोक चांगलं मशीन उघडून बसायचे. सर्व्हिसला फोन करायच्या आधी पाणी येतंय का, नळ पूर्ण उघडा आहे का, मशीनच्या मागे जिथे पाइप लागतो तिथली बारीक जाळी गाळाने भरलीय का ते बघा, पक्कडीने ती जाळी बाहेर निघते. मशीन जास्त भरत असेल तर भरत असतानाच मेन स्विच बंद करा. पाणी थांबलं तर व्हॉल्व ठीक आहे, गोची मोजण्यात आहे. वीज गेली तरी पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व उघडा अडकलाय, मग सेन्सर-बोर्डाचा काही संबंध नाही, नळ बंद करा आणि व्हॉल्व बदला. एवढ्या साध्या टेस्टने अर्धी भांडणं मिटतात आणि ती कुणीच सांगत नाही.

आणि एक प्रकार असतो जिथे मशीन भरतच राहतं पण लेव्हल वाढत नाही. तिथे ड्रेनचा पाइप बघा. तो फार खाली सोडलेला असेल, किंवा भिंतीतल्या पाइपात खूप आत कोंबून कडेने घट्ट बंद केला असेल, तर पाणी सायफन होऊन आपोआप ओढलं जातं, वरून भरतंय खालून जातंय. फ्रंट लोडला तो पाइप साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवरून वळून गेला पाहिजे असं बहुतेक मॅन्युअल सांगतात. नवीन मशीन बसवल्यापासूनच तक्रार असेल तर नव्वद टक्के माझा संशय इथेच, गाळ बसायला वेळ लागतो. पाणी जातच नसेल तर खाली पुढच्या बाजूचा पंपाचा फिल्टर, नाणी, हेअरपिन, लहान मोजे, तिथे काय काय सापडेल सांगता येत नाही.

टॉप लोडवाल्यांनो, तुमच्याकडेही फुल्ली ऑटोमॅटिक असेल तर तीच हवेची नळी आहे, फक्त उघडायला सोपी. हाताने पाण्याचा नळ बंद करायच्या सेमी ऑटोमॅटिकला ही कटकट नाही, या एका बाबतीत ते बिचारे सुखी.

गाळ का बसतो, तर सतत थंड पाण्याचा वॉश, हात सैल सोडून घातलेली पावडर किंवा लिक्विड, आणि वर सॉफ्टनर. थंड पाण्यात तेलकटपणा आणि साबणाचे अंश पूर्ण सुटत नाहीत, सॉफ्टनरचा चिकटपणा त्यात मिसळतो, पाणी जड असेल तर क्षारही. चेंबरच्या तोंडाशी पाण्याची हालचाल फारशी नसते म्हणून सगळं तिथे जाऊन बसतं. आता मी पावडर कमी केलीय, फ्रंट लोडची कमी फेसाचीच वापरते, आणि अधूनमधून रिकामं मशीन ६० डिग्रीच्या वर फिरवते. टब क्लीनचं बटण कंपनीने दिलंय आणि ते कामाचं आहे, पण जुना घट्ट बसलेला गोळा त्याने निघेल अशी आशा ठेवू नका, तो हातानेच काढावा लागतो.

माझा मुख्य राग डिझाइनवर आहे. पंपाचा फिल्टर पुढून उघडता येतो, पावडरचा ट्रे निघतो, दाराचं रबर पुसता येतं, मग ज्याच्यावर सगळं मशीन चालतं त्या चेंबरपर्यंत पोचायला मागचा पत्रा का काढावा लागतो? मॅन्युअल मी पानन्‌पान वाचलंय, ट्रे कसा धुवायचा याची चित्रं आहेत, चेंबरचा उल्लेखसुद्धा नाही. कोडच्या तक्त्यात लेव्हलच्या कोडसमोर एकच ओळ, सर्व्हिस सेंटरला संपर्क करा. आणि सर्व्हिस सेंटर काय करतं ते वर लिहिलंच आहे.

मशीन घ्यावं का असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, कपडे खरंच चांगले निघतात. कंपनीची वाढीव वॉरंटी मात्र जपून घ्या, आधी लेखी विचारा की नळी, चेंबर आणि साफसफाई त्यात धरलीय का, कारण मला फोनवर सांगितलं की गाळ म्हणजे "वापराचा दोष", तो वॉरंटीत येत नाही. कामाचा सेन्सर काढून नवा विकला तो कुणाचा दोष, याचं उत्तर नाही मिळालं. तक्रार लिहिली, जुना सेन्सर लावून चालणाऱ्या वॉशचा व्हिडिओ जोडला, नव्या सेन्सरचे पैसे परत मागितले. उत्तर आलं की एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जात नाही आणि आमच्या टेक्निशियनने केलेलं निदान योग्यच होतं. नवा सेन्सर कपाटात पडलाय, मशीन जुन्यावरच चालू आहे.